डाव्या बाजूचं भांडण

मेंदूचा नकाशा आता शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टी, कानाशी श्रवण, माथ्यावरून आडव्या गेलेल्या पट्ट्यात हातापायांची हालचाल, आणि डाव्या कपाळामागे, जरा खालच्या अंगाला, वाचा. या शेवटच्या ठिकाणाला ‘ब्रोकाचं क्षेत्र’ म्हणतात. बाकी सगळा नकाशा एकीकडे आणि हे एक ठिकाण एकीकडे, असं माझं बऱ्याच वर्षांपासून झालं आहे. कारण ते ज्याच्या डोक्यातून निघालं, त्या माणसाला पाठ्यपुस्तकांत धड नावही नव्हतं. आणि ते डावीकडेच का, हे ज्यानं आधी पाहिलं, त्याचं नाव नकाशावर कुठेच नाही.

गॉल या डॉक्टराच्या कवटीशास्त्रापासून सुरुवात करू. त्याच्या शाळेतल्या टपोऱ्या डोळ्यांच्या मुलांचं पाठांतर चांगलं होतं, एवढ्यावरून त्यानं शब्दांची स्मृती डोळ्यांमागे बसवली. कवटीवरच्या उंचवट्यांचं हे शास्त्र पुढे चेष्टेचा विषय झालं, पण ‘मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामं’ हा त्यातला मुद्दा पॅरिसच्या बुइयो या डॉक्टरानं सोडला नाही. वाचा कपाळामागेच आहे, असं तो १८२५ पासून सांगत होता. कपाळामागचा मेंदू नासूनही नीट बोलणारा माणूस कुणी दाखवला, तर त्याला ५०० फ्रँक देण्याची तयारीही त्यानं जाहीर केली. त्याचा जावई ओबर्तँ सासऱ्याच्या वरताण निघाला. वाचा गेलेला असा एक जरी रुग्ण दाखवा, ज्याच्या मेंदूचा पुढचा भाग शाबूत आहे. मी माझं मत त्याच दिवशी मागे घेतो, असं त्यानं १८६१ साली मानवशास्त्र परिषदेच्या सभेत सांगितलं. ती परिषद स्थापन करणारा पॉल ब्रोका सभेत हजर होता. मूळ चर्चा खरं तर मेंदूचा आकार आणि बुद्धी यांची होती. ब्रोकाला कवट्या मोजण्याचा भारी सोस, आणि त्या मोजमापांवरून त्यानं मानववंशांची जी उतरंड लावली ती आज वाचवत नाही. हा माणूस फक्त थोर नव्हता, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पॅरिसच्या वेशीबाहेरचं बिसेत्र हे पुरुषांचं रुग्णालय. म्हातारे, मनोरुग्ण, निराधार, सगळ्यांची भरती तिथेच. ११ एप्रिल १८६१ ला तिथे ब्रोकाच्या शस्त्रक्रिया विभागात ५१ वर्षांचा एक रुग्ण आणला गेला. उजवा पाय पावलापासून कुल्ल्यापर्यंत सुजून सडला होता. जवळजवळ सात वर्षं तो अंथरुणाला खिळून होता. अंथरूण कधी खराब करत नसे, म्हणून त्याची चादर आठवड्यातून एकदाच बदलत. सेवकाला पाय दिसला तो चादर बदलताना, आणि तोवर उशीर झाला होता. ब्रोकानं हे शांतपणे नोंदवलं आहे. स्वच्छ राहण्याची एवढी मोठी शिक्षा मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

या माणसाला काहीही विचारलं तरी उत्तर एकच: ‘तां, तां’. सगळं रुग्णालय त्याला त्याच नावानं ओळखे. समज मात्र बहुतेक शाबूत होती. इथे किती वर्षं आहात, असं ब्रोकानं विचारलं. त्यानं डावा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. हिशेब बरोबर. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर, आपल्याकडून कवायत करून घेतली जाते आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो भडकला. भडकल्यावर त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक अख्खी, स्पष्ट शिवी सुटली. ज्याला ‘हो’ म्हणता येत नाही त्याला शिवी कशी देता येते? पाठ झालेले, भावनेच्या भरात सुटणारे उद्गार शब्द जुळवून बोलण्याच्या वाटेनं जात नाहीत. त्यात मेंदूचा उजवा गोलार्ध आणि खोलवरच्या गाठींचा हात असावा, असं आता मानतात. शेजारचे रुग्ण त्याला खुनशी आणि चोरटा समजत. एकवीस वर्षं एकाच अक्षरावर काढल्यावर स्वभाव गोड राहिला असता तरच नवल.

१७ एप्रिलला तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू परिषदेच्या सभेत आला. वजन ९८७ ग्रॅम, म्हणजे त्या वयाच्या पुरुषाच्या सरासरीपेक्षा जवळपास ४०० ग्रॅम कमी. डाव्या बाजूला कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी, पाण्यानं भरलेली. नासाडी एवढी पसरलेली असताना वाचेची नेमकी जागा कुठली म्हणायची? ब्रोकानं इथे आजाराचा क्रम वापरला. आधी वाचा गेली. दहा वर्षांनी उजवा हात लुळा पडू लागला, मग पाय. म्हणजे सर्वांत जुनी जखम जिथे, तिथे वाचा. आणि पोकळीचा मध्य डाव्या कपाळामागच्या तिसऱ्या वळीत होता. तर्क देखणा आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की त्यानं मेंदू कापला नाही. कापून आत किती नासलं आहे हे बघण्याचा मोह आवरला आणि तो अख्खा जपून ठेवला. त्याच वर्षी त्याला दुसरा रुग्ण मिळाला, ८४ वर्षांचा लेलोंग. याच्याकडे पाच शब्द उरले होते: हो, नाही, नेहमी, स्वतःचं मोडकं नाव, आणि ‘तीन’. कुठलाही आकडा सांगायचा तरी तोंडातून ‘तीन’च निघे, मग तो बोटांनी खरा आकडा दाखवून चूक सुधारे. जखम त्याच वळीत, याही वेळी डावीकडे.

ब्रोकाला डाव्या-उजव्याचं तोवर काहीच वाटलं नव्हतं. त्याचा भर पुढच्या-मागच्यावर होता. १८६३ पर्यंत आठ रुग्ण जमले आणि आठही डावीकडचे निघाले, तेव्हा हे विलक्षण आहे खरं, पण निष्कर्ष काढायला मी धजत नाही, असं तो म्हणाला. आणि इथेच भांडण सुरू होतं.

दक्षिण फ्रान्समध्ये सोमिएर नावाचं छोटं गाव आहे. तिथे मार्क डाक्स हा डॉक्टर होता. १८०० साली त्यानं एक घोडदळाचा कप्तान पाहिला, ज्याची शब्दांची आठवण तलवारीच्या वारानंतर गेली होती. गॉलच्या हिशेबानं जखम कपाळाशी हवी. डाक्सनं चौकशी केली तर वार डोक्याच्या डाव्या बाजूला, बराच मागे बसलेला. मग ब्रूसोने या निसर्गशास्त्रज्ञाचं प्रकरण त्याच्या वाचनात आलं: नामं विसरला होता आणि मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या पृष्ठभागावर मोठा व्रण सापडला. त्यानंतर डाक्स नुसतं मोजत राहिला. चाळीसहून अधिक रुग्ण झाले, अपवाद एकही नाही. १८३६ साली त्यानं निबंध लिहिला, माँपेलिएच्या संमेलनासाठी. पुढच्याच वर्षी तो वारला आणि निबंध घरातल्या कागदांत पडून राहिला.

मार्कचा मुलगा गुस्ताव, तोही डॉक्टर. १८६३ च्या मार्चमध्ये त्यानं वडिलांचा निबंध आणि स्वतःची भर असं मिळून पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे पाठवलं. ब्रोकाचं ‘आठही डावीकडे’ हे निवेदन त्यानंतर काही दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला झालं. अकादमीचा अहवाल लिहायला मिळाला लेलू, कवटीशास्त्राचा जुना वैरी. त्यानं दीड वर्ष लावलं आणि थोडक्यात वाटेला लावलं. निबंध छापून आला १८६५ मध्ये; त्याच वर्षी ब्रोकानं ‘आपण डाव्या गोलार्धानं बोलतो’ हे ठामपणे मांडलं.

गुस्तावनं ओरड केली, की वडिलांचं श्रेय लाटलं. ब्रोकानं माँपेलिएच्या ग्रंथपालाला कामाला लावलं, संमेलनाला हजर असलेल्या डॉक्टरांना विचारलं. असा निबंध वाचला गेल्याचं कुणालाच आठवेना. ब्रोकानं काही चोरलं, असं मला वाटत नाही. पण लहान गावच्या डॉक्टरकडे पुरावा मागायचा आणि स्वतःचा पुरावा मात्र राजधानीच्या सभेत आपोआप नोंदला जायचा, हा सामना बरोबरीचा नव्हता. १८७९ मध्ये माँपेलिएच्या एका जुन्या अधिष्ठात्याच्या कागदपत्रांत त्याच्या वंशजाला मार्कच्या निबंधाची प्रत मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रोका गेला. गुस्तावचं स्वतःचं म्हणणं तर बहुतेकांनी वाचलंच नाही. वाचा कपाळामागे नव्हे, डाव्या कानशिलामागच्या भागात आहे, असं तो सांगत होता. १८७४ मध्ये २६ वर्षांच्या कार्ल वेर्निकेनं शब्द समजण्याची जागा कानशिलामागेच दाखवली, तेव्हा गुस्तावची आठवण कुणाला झाली?

डाव्या बाजूबद्दल डाक्स आणि ब्रोका दोघेही बरोबर ठरले. उजव्या हातानं काम करणाऱ्या शंभरातल्या साधारण ९५ जणांची वाचा डावीकडे असते, डावखुऱ्यांतही सत्तरेक जणांची. पक्षाघातात उजवी बाजू गेली की वाचाही जाते, हे आपल्याकडे कित्येक घरांनी पाहिलेलं आहे. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या गोलार्धाकडे, आणि तोंड व हात हलवणारा पट्टा व वाचेची वळी यांना रक्त पुरवणारी धमनी एकच. ती तुंबली की दोन्ही एकदम बंद.

नेमक्या वळीबद्दल मात्र ब्रोकाचं पारडं डळमळीत आहे. १९०६ मध्ये पिएर मारी या डॉक्टरानं सरळ लिहिलं, की तिसऱ्या वळीचा वाचेशी खास संबंधच नाही. १९०८ साली पॅरिसमध्ये देजेरीन दांपत्याशी त्याची यावरून जाहीर खडाजंगी झाली. निकाल लागायला शतक जावं लागलं. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी ‘तां’चा आणि लेलोंगचा असे दोन्ही जुने मेंदू एमआरआय यंत्रात घातले. जखम पृष्ठभागावरच्या वळीपुरती नव्हतीच. ती खोलवर गेली होती, पुढचा आणि मागचा मेंदू जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत. लेलोंगच्या मेंदूत तर आज ज्याला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात त्याचा फक्त मागचा तुकडा गेलेला होता. फक्त ती वळी दुखावली तर वाचा काही आठवड्यांत बरीचशी परत येते, हेही आता माहीत आहे. कायमची जाते ती खालच्या वाटा तुटल्यावर. हे कळलं ते ब्रोकानं सुरी बाजूला ठेवली म्हणून. त्याच्या सिद्धांताला मुरड घालणारा पुरावा त्यानंच जपून ठेवला होता.

राहिला तो ५१ वर्षांचा रुग्ण. त्सेझारी दोमान्स्की या पोलिश इतिहासकारानं जुनी दफ्तरं धुंडाळून २०१३ मध्ये त्याची ओळख लावली: लुई व्हिक्टर लेबोर्न, जन्म १८०९, गाव मोरे. लहानपणापासून फिट येत. पॅरिसमध्ये बूट शिवायचे लाकडी फर्मे करून पोट भरे. मोरे गावात कातडी कमावण्याचे कारखाने होते आणि कातड्यासाठी लागणाऱ्या सालीच्या पुडीला फ्रेंचमध्ये ‘तां’च म्हणतात. तेव्हा उरलेलं अक्षर गावचं असेल, असा दोमान्स्कीचा अंदाज. मला तो जरा हौशी वाटतो. अशा रुग्णांच्या तोंडी असे निरर्थक आवाज सर्रास उरतात.

त्याच दफ्तरातली दुसरी नोंद जास्त वजनाची आहे. लेबोर्नचे वडील शाळामास्तर होते. वैद्यकाच्या पुस्तकांत तो अडाणी गरीब म्हणून वावरला, पण मास्तरांच्या मुलाला लिहिता-वाचता येत असण्याची शक्यता बरीच. वाचा गेल्यावर दहा वर्षं त्याचा उजवा हात धड होता. त्या काळात कुणी त्याच्यापुढे कागद आणि टाक ठेवला असता, तर बोलणं आणि लिहिणं मेंदूत एकत्र नांदतात की वेगळं, याचा पुरावा बिसेत्रमध्ये ब्रोकाच्या कितीतरी आधी मिळाला असता. ब्रोकाला तो भेटला शेवटच्या सहा दिवसांत, आणि तोवर हात गेलेला होता.