पाठीवरची गांध

अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, आमसुलाचं पाणी चोळतो आणि त्या बसण्याची वाट बघतो. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने याच गांधीला मोजमापाचं साधन केलं आणि वावड्याचं मूळ शोधून काढलं.

गोष्ट सुरू होते त्यांच्या आधी. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांचं सीरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. क्युस्टनरना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि माशांचं कसलंच वावडं नसलेल्या प्राउस्निट्झांना गांध उठली. वावडं रक्तातून दुसऱ्याच्या अंगात उतरतं, एवढं कळलं. उतरवणाऱ्या घटकाला ‘रिएजिन’ असं नाव मिळालं, पण तो घटक पुढची चाळीसहून अधिक वर्षं कुणाच्या हाती लागला नाही.

इशिझाकांचं लग्न १९४९ सालचं. दोघंही डॉक्टर, दोघंही संशोधनात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती दोघं अमेरिकेत कॅलटेकमध्ये काम करून मायदेशी परतली आणि १९६२ मध्ये मुलांच्या दम्यावर संशोधन करणाऱ्या डेन्व्हरच्या संस्थेत रुजू झाली. तेव्हा रिएजिन म्हणजे आयजीए हेच प्रतिपिंड, असा अनेकांचा समज होता. इशिझाकांनी रुग्णाच्या सीरममधून आयजीए काढून टाकलं. तरी गांध उठायची ती उठलीच. म्हणजे चोर दुसराच होता.

अडचण प्रमाणाची होती. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये आयजीजी हे नेहमीचं प्रतिपिंड साधारण दहा मिलिग्रॅम असतं. हा घटक मात्र नॅनोग्रॅममध्ये मोजावा लागतो, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतींना तो दिसतच नव्हता. माणसाच्या कातडीला मात्र तो कळत होता.

त्यांनी रॅगवीडच्या परागांचं वावडं असलेल्या रुग्णांचं सीरम घेतलं. रॅगवीड हे आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं तण. सीरममधला रिएजिनने समृद्ध भाग सशांना टोचला. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, आणि त्यातून ओळखीच्या प्रतिपिंडांविरुद्धची सगळी गाळून टाकली. जे उरलं ते रुग्णाच्या सीरममध्ये घातल्यावर त्याची गांध उठवण्याची ताकद नाहीशी झाली. कातडीवरच्या चाचण्यांसाठी किमिशिगे यांची स्वतःची पाठ होती. १९६६ मध्ये त्यांनी ‘गॅमा ई’ या नव्या प्रतिपिंडाची घोषणा केली.

त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथे योहानसन आणि बेन्निक यांना मायलोमा या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन भरपूर सापडलं होतं. दोन्ही प्रयोगशाळांनी नमुन्यांची देवाणघेवाण केली, तेव्हा दोन्ही पदार्थ एकच निघाले. १९६८ मध्ये लोझानच्या बैठकीत त्याचं आयजीई असं नामकरण झालं.

घटक सापडला, तरी तो करतो काय हा प्रश्न उरला होता. इथे तेरुको यांचं काम मोठं आहे. आयजीई कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतं. परागकणातल्या प्रथिनाने आयजीईचे शेजारशेजारचे दोन रेणू एकमेकांशी जोडले, की पेशी हिस्टामिन सोडते आणि गांध उठते. १९७० नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तेरुको यांनी माणसाच्या मास्ट पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यावरही काम केलं. १९७३ चा गेर्डनर पुरस्कार दोघांना मिळाला. १९८९ मध्ये किमिशिगे कॅलिफोर्नियातल्या ला होयाच्या नव्या संस्थेत गेले आणि १९९६ मध्ये दोघं तेरुको यांच्या गावी, यामागाताला परतली. तेरुको यांची प्रकृती ढासळली होती. २०१८ च्या जुलैमध्ये किमिशिगे गेले, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत तेरुकोही.

सशाचं आयजीईविरोधी प्रतिपिंड निरोगी माणसाच्या कातडीत टोचलं तरी गांध उठते, कारण पेशीवर बसलेले आयजीईचे रेणू ते एकमेकांशी जोडतं. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओमालिझुमॅब हे औषधही आयजीईविरोधी प्रतिपिंडच आहे. पण आयजीईचा जो भाग पेशीला चिकटतो, नेमक्या त्याच भागाला ते पकडतं. त्यामुळे पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईला ते जोडू शकत नाही, आणि रक्तातलं मोकळं आयजीई पेशीवर बसू शकत नाही. आज महिनोन्‌महिने उठणाऱ्या, कशालाही न जुमानणाऱ्या पित्तावरही हेच औषध टोचतात.