हजेरीपत्रक मोठ्याने वाचलं तेव्हा

राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात कोट किराना नावाचं गाव आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी तिथे एक सभा भरली. त्या दिवशी पंचायतीच्या कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं चारचौघांत वाचली गेली: काम अमुक, मजूर अमुक, दिवस इतके, रक्कम अदा. नाव पुकारलं की माणूस उभा राहून सांगे, त्या कामावर मी गेलोच नव्हतो. पटवारी भवन कागदावर पूर्ण झालेलं होतं आणि गावात ते छपराविना उभं होतं. सरकारी लेखापरीक्षकाला हे सापडणं कठीण, कारण त्याच्या टेबलावर व्हाउचर येतं, इमारत येत नाही.

ही पहिली जनसुनवाई भरवली मजदूर किसान शक्ती संघटनेने. प्रशासकीय सेवेचा राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि लोकांच्या बोलीत गाणी नि कठपुतळ्यांचे खेळ रचणारे शंकर सिंह १९८७ मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरीत एका झोपडीत राहायला आले. १ मे १९९० रोजी भीम गावी संघटना स्थापन झाली. त्यांचा पहिला प्रश्न पारदर्शकतेचा वगैरे नव्हता, मजुरीचा होता. दुष्काळी कामांवर किमान वेतन मिळत नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: तुम्ही काम कमी केलं, मोजमापात तसं लिहिलंय. मग मोजमाप दाखवा. तर ते गोपनीय! माहितीच्या अधिकाराची लढाई अशी रोजच्या मजुरीतून उभी राहिली, हे आपल्याकडच्या शहरी कार्यकर्त्यांच्या अनेकदा लक्षात राहत नाही.

पुढच्या सुनावण्यांसाठी कागद मागितले तेव्हा ग्रामसेवकच संपावर गेले. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी कागदपत्रांच्या नकला देण्याचं विधानसभेत जाहीर केलं, पण वर्षभर आदेश निघाला नाही. म्हणून १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं आणि १९९७ मध्ये जयपूरला ५३ दिवसांचं. या दुसऱ्या धरण्याच्या शेवटी उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की अधिसूचना काही महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापून आली आहे. माहिती मिळण्याचा हक्क देणारी अधिसूचना, आणि तिचीच माहिती कुणाला नाही! विनोदी लेखकाला हे सुचलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

कागद हाती आल्यावरचं काम जास्त किचकट असतं. मस्टर, बिलं, मोजमाप पुस्तिका एकमेकांशी ताडून पाहायची. मग वाडी-वस्तीवर फिरून विचारायचं: तुमच्या नावावर इतके दिवस दिसतात, पैसे मिळाले का? ट्रॅक्टरवाल्याला विचारायचं, दगडाच्या इतक्या खेपा खरंच टाकल्या का? त्यानंतर सुनावणी. तिथे सरपंचाला आणि अधिकाऱ्यांनाही बोलावायचं, त्यांना बाजू मांडू द्यायची आणि बाहेरच्या जाणत्या माणसांना पंच म्हणून बसवायचं. आपल्याच गावासमोर उत्तर द्यावं लागलं की चौकशी समितीपुढे न येणारा घाम येतो. १९९८ मधल्या सुनावण्यांत काही सरपंचांनी खाल्लेली रक्कम परत भरायचं कबूल केलं. २००१ मध्ये जनावद पंचायतीची सुनावणी झाली, तेव्हा कागदावर बांधलेल्या कितीतरी गोष्टी जमिनीवर नव्हत्याच असं उघड झालं. मात्र त्या एका पंचायतीचे कागद मिळवायलाच वर्षभर झगडावं लागलं होतं. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेवर सोपवलं, ते याच अनुभवातून.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि माहिती अधिकाराचा २००२ चा, म्हणजे दोन्ही केंद्राच्या आधीचे. अण्णा हजारेंची उपोषणं आपल्याला पाठ आहेत. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी फायली पाहू देण्याची सोय झाली. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतिपुस्तकं काढतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात तर ग्रामसभा जंगलाचा कारभार पाहते. पण आपली सवय एकेकट्याने अर्ज करण्याची. उत्तर येतं, अपील होतं, आयोगाकडे तारखा पडतात आणि मिळालेला कागद अर्जदाराच्या फायलीत जातो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी, गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार पुरतात. तरीही तहकूब सभांची नोंद नवी नाही. अर्ज करणाऱ्याला गावात 'ब्लॅकमेलर' म्हणतात आणि काही जण खरोखर तसे असतातही. ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांच्यासमोर तो कागद वाचला, तर कुणाला सौदा करायला जागा राहत नाही.

आता नेमकी नावांवरच गदा आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीच्या अपवादाचं उपकलम बदललं. पूर्वी त्यातच सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक लोकहित तपासायची अट होती, ती गळाली. माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८(२) मधली लोकहिताची खिडकी अजून उघडी आहे. पण ती वापरायची की नाही हे आधी ठरवणार जनमाहिती अधिकारी. मजुराचं नाव, दिवस आणि रक्कम ही वैयक्तिक माहिती धरली, तर सुनावणीत मोठ्याने वाचायला काय उरतं, असा प्रश्न राजस्थानातल्या त्याच संघटनेचे लोक आज विचारत आहेत.