सायकलीचे तास, धावण्याची पावलं

पहाटे साडेचार. अंथरुणातून पाय खाली सोडले की मी आधी पोटऱ्या दाबून बघतो. टाचेच्या शिरेपासून वर गुडघ्याच्या लवणीपर्यंत, दोन्ही अंगठ्यांनी. मग मनगटाची नाडी, पूर्ण एक मिनिट. नाडी रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागली, तर आजचा जोर कमी करायचा. पोटरीत कळ असली, तर धावणं रद्द करून तेवढा वेळ सायकलला द्यायचा. याच्या उलट मात्र मी करत नाही. सायकल बुडाली म्हणून तिचे तास धावून भरून काढायचे नाहीत. माझा सगळा आठवडा या एका नियमावर उभा आहे, आणि दिवसभराचा हिशेब सांगायचा तो त्याच नियमाचं कारण कळावं म्हणून.

तयारी गोव्याची आहे. पणजीत 2019 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा झालेली ‘आयर्नमॅन 70.3’. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल, आणि त्यावर 21.1 किलोमीटर धावणं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. माझ्या ताकदीच्या माणसाला सायकलला सव्वातीन तास लागतात, धावायला सव्वादोन, पोहायला पाऊण-एक तास. म्हणजे शर्यतीच्या दिवशी सायकल आणि धावणं यांचं प्रमाण साधारण दीडास एक असतं. सरावात मी ते दोनास एक धरतो. आठवड्याचे दहा तास हाती लागले, तर साडेपाच-सहा सायकलचे, तीनच्या आसपास धावण्याचे आणि उरलेले पोहण्याचे. किलोमीटर मी मोजत नाही, तास मोजतो. सायकलचे 60 आणि धावण्याचे 12 किलोमीटर एकाच वहीत एकाखाली एक लिहून बेरीज केली, तर त्या बेरजेला काहीच अर्थ उरत नाही.

सव्वापाच. एक केळं, गुळाचा खडा, बिनदुधाचा चहा. रात्री पाऊस झाला असेल तर निघण्याआधी टायर आणि ब्रेकच्या मधली माती काडीनं काढावी लागते. आपल्याकडची काळी माती ओली झाली की चाक धरून ठेवते. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, अंगात पिवळं जाकीट. माझं गाव वालूर अजून झोपेत असतं. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची आमची बारव आता लांबच्या माणसांनाही माहीत झाली आहे. गावकऱ्यांनी श्रमदानातून ती साफ केली आणि टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची जी चित्रकार्डं काढली त्यांत तीही आली, याचा मला फार अभिमान वाटतो.

सेलूच्या रस्त्याला लागलं की पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. भाद्रपद आहे, दोन्ही बाजूंना शेंगांनी भरलेलं सोयाबीन, मधूनमधून कापूस आणि तूर. पहिली वीस मिनिटं नुसतं अंग मोकळं करायचं. मग पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन टप्पे, शर्यतीत जेवढा जोर लावायचा तेवढ्याच जोरानं. मध्ये पाच-पाच मिनिटं हलकं. समोरून वारा असताना वेग बघायचाच नाही. श्वास बघायचा. एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गप्पा मारता येऊ नयेत, एवढाच जोर. पॅडल मिनिटाला 85 ते 90 फेरे. जड गिअर टाकून दात-ओठ खात सायकल हाणणारी पोरं मला दिसतात. त्यांना जोर केल्याचं समाधान मिळतं, पण मांडी तिथेच संपते, आणि धावायला लागतं तेव्हा तीच मांडी पाहिजे असते. नव्वद किलोमीटरनंतर ज्याच्या पायांत जीव उरतो, त्यानंच सायकल नीट चालवली असं मी मानतो.

सात वाजता घरी. सायकल भिंतीला टेकवली, बूट बदलले, पाचव्या मिनिटाला पुन्हा रस्त्यावर. याला आम्ही ब्रिक म्हणतो. सायकलवर कंबरेत वाकून बसलेलं शरीर उभं राहून धावायला लागतं तेव्हा पाय परके वाटतात, पाऊल आखूड पडतं, मांड्या दगडासारख्या लागतात. पायांना ही अदलाबदल शिकवायला वीस मिनिटं पुरतात. ब्रिक लांबवत नेणाऱ्यांचं गणित मला पटत नाही. थकलेल्या पायांनी ढब बिघडते, आणि बिघडलेल्या ढबीत काढलेला तास फायद्यापेक्षा दुखणंच जास्त देतो.

याच वेळी पोलीस भरतीची पोरं रस्त्यावर असतात. त्यांचं सगळं लक्ष 1600 मीटरवर. त्यांच्या तोंडी एक नाव असतंच, आपल्या परभणीच्या ज्योती गवते यांचं. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. प्रशिक्षक रवी रासकटला यांच्या हाताखाली परभणीतच त्या तयार झाल्या, म्हणून पोरांना त्या घरच्या वाटतात. पण त्यांच्या सरावाचे किलोमीटर ऐकून माझ्यासारख्यानं तसं करायला जाणं चूक ठरेल. त्यांचं शरीर वर्षानुवर्षं धावण्यावरच घडलं आहे, आणि शर्यतीत त्यांना धावायचंच असतं. मी धावायला उभा राहीन तोवर चार तास झालेले असतील.

आज त्या पोरांतला एक जण लंगडत होता. नळीच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाला. “काका, तुम्ही एवढे तास करता, तुमच्या नळ्या कशा नाही दुखत?” मी म्हणालो, संध्याकाळी दुकानावर ये, निवांत सांगतो.

आठ. ज्वारीची भाकरी, वरण, दही, शेंगदाण्याची चटणी. धावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खाल्लं नाही तर संध्याकाळचं धावणं जड जातं. मग कृषी सेवा केंद्र उघडायचं.

नऊ ते एक. खतं, फवारण्या, उधारीच्या वह्या. कापसाला पात्या-बोंडं लागली की गुलाबी बोंडअळीची चौकशी सुरू होते, मी कामगंध सापळे दाखवतो. युरियाची गोणी 45 किलोची. हमाल असतो, पण गर्दीत दहा-पाच गोण्या मलाही उचलाव्या लागतात. शिवाय दिवसभराचं उभं राहणं. पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकांनी आखलेली वेळापत्रकं चांगली असतात, पण त्यांतला माणूस दिवसभर खुर्चीत बसणारा धरलेला असतो. आपल्याकडचा माणूस कधी शेतात वाकलेला, कधी दुकानात उभा. तो भार पोटरीला आणि कंबरेलाच जातो, म्हणजे नेमका धावण्याच्याच खात्यातून वजा होतो. म्हणून गोण्यांचा दिवस मी सरावाच्या वहीत तसा लिहितो. मृगात पेरणीची गर्दी लागते तेव्हा धावणं निम्म्यावर आणतो, सायकल शक्यतो तशीच ठेवतो.

दुपारी एक. जेवण, आणि गर्दी नसेल तर वीस मिनिटं डोळे मिटून पाय भिंतीला वर. आयर्नमॅनचा जन्म मला या वेळी पुष्कळदा आठवतो, कारण तो कोणता खेळाडू जास्त दमदार या वादातून झाला. 1977 साली हवाईतल्या ओआहू बेटावर एका रिले शर्यतीचा बक्षीस समारंभ चालला होता. धावणारे दमदार की पोहणारे, अशी चर्चा रंगली. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं तिसरं टोक धरलं. बेल्जियमच्या एडी मर्क्स या सायकलपटूची प्राणवायू वापरण्याची क्षमता आजवर मोजलेल्या सगळ्यांत जास्त आहे, असं त्यानं वाचलं होतं. मग बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती जोडून एकच करायचं ठरलं. 18 फेब्रुवारी 1978 ला पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पहिला आला. जॉन डनबार सायकलनंतर त्याच्या पुढे होता, पण मॅरेथॉनमध्ये त्याच्या मदतनिसांजवळचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याच्या हातात बिअर दिली.

सायकल शरीराकडून किती तास काढून घेऊ शकते याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नागपूरचे डॉ. अमित समर्थ. 2017 मध्ये त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं, मुदतीच्या बारा दिवसांत पूर्ण केली. जवळजवळ 4,800 किलोमीटर, म्हणजे दिवसाला 400 च्या घरात. कमालीची जिद्द लागते, यात शंकाच नाही. पण पायांवरून एवढे तास दररोज काढायचं म्हटलं, तर तितकीच जिद्द असलेल्या माणसाचीही हाडं आधी बोलतील.

संध्याकाळी सहा. पुतण्या गल्ल्यावर बसतो आणि मी अर्धा तास धावून येतो. फार हळू, मळ्याकडच्या कच्च्या वाटेनं, जिथे चिखल वाळून माती मऊ झाली आहे तिथून. सकाळचे वीस आणि आताची तीस मिनिटं मिळून पन्नास. एकदम पन्नास मिनिटं धावण्यापेक्षा हे बरं, कारण मधल्या साडेदहा तासांत शिरा सावरतात. आठवड्यात चार-पाचदा थोडं थोडं धावायचं आणि एकदाच लांब, तेही दोन तासांच्या आत. लांब धावणं बुधवारी आणि लांब सायकल रविवारी. दोन्हींच्या मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर मिळतं. शनिवारी सायकल आणि रविवारी लांब धावणं असं अनेकजण करतात. नोकरीवाल्यांचा नाइलाज असतो हे कळतं, पण ज्याला आठवड्याच्या मध्यात वेळ काढता येतो त्यानं तो काढावा.

सात वाजता तो मुलगा आला. त्याला सांगितलं ते असं. धावताना पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा अंगाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. तुझं वजन 65 किलो. म्हणजे एकेका पावलाला तीन-चार युरियाच्या गोण्या. मिनिटाला 165 पावलं धरली तर अर्ध्या तासात जवळजवळ पाच हजार वेळा. शिवाय पाऊल पडताना स्नायू आखडलेला असतानाच ताणला जातो, त्यात त्याचे बारीक धागे तुटतात. ते पुन्हा जुळतात आणि आधीपेक्षा मजबूत होतात, पण त्याला दिवस लागतात. सायकलवर तसं काही होत नाही. पाय गोल फिरतो, आदळत नाही. म्हणून तीन तासांच्या सायकलनंतर माणूस दुसऱ्या दिवशी कामाला उभा राहतो, आणि तीन तास धावल्यावर जिना उतरताना कठडा धरतो. छाती आणि हृदय आठवड्यांत तयार होतं. शिरा आणि हाडं तयार व्हायला महिने जातात. दम वाढला की पोरांना वाटतं पायही वाढले, आणि दुखणं तिथेच धरतं.

“मग नुसती सायकलच चालवू का, काका?”

नाही. दम सायकलवर तयार होतो, पण पाऊल कसं टाकायचं, टाच किती वेळ जमिनीला टेकवायची, थकल्यावर पाठ कशी सरळ ठेवायची, हे फक्त धावूनच येतं. म्हणून धावणं सोडायचं नाही, त्याचे तास कमी ठेवायचे आणि दिवस जास्त. त्याच्यासाठी आठवड्यातली दोन धावणी काढून तिथे सायकल टाकायची. आणि आधी सेलूला जाऊन डॉक्टरांना पाय दाखवायचा. हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर सणकून दुखत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. त्यावर कोणतंही वेळापत्रक चालत नाही.

आठ. जेवण. मग घराच्या पायरीवर टाचा वर-खाली करायच्या, एकेका पायानं, सावकाश. मांडीचे आणि कंबरेचे दोन-तीन व्यायाम. एकूण पंधरा मिनिटं. कंटाळवाणं काम आहे, पण धावण्याचे तास वाढवायची परवानगी मला इथूनच मिळते.

नऊ. वही. “अहो, उद्या गजर कितीचा?” बायको विचारते. उद्या शुक्रवार, पोहणं. मळ्यातली विहीर सध्या भरलेली आहे, पण गोल विहिरीत सरळ अंतर मिळत नाही. म्हणून कमरेला दोर बांधून, त्याचं टोक वर पक्कं अडकवून जागच्या जागी हात मारायचे. पुतण्या फुगवलेली ट्यूब घेऊन काठावर बसल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. तेव्हा गजर पाचचा. धावणं नाही, पोटऱ्यांना सुट्टी.

रविवारच्या रकान्यात लिहिलं: साडेतीन तास, जिंतूरकडे. तिकडे जरा चढ मिळतात, गोव्यातही रस्ता सपाट नाही. तासाला केळं किंवा राजगिऱ्याचे दोन लाडू, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या. खाली आणखी एक ओळ लिहिली. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर तो मुलगा पहिला तासभर बरोबर येईल. त्याच्या वडिलांची जुनी काळी सायकल आहे. शनिवारी संध्याकाळी ती दुकानावर आणायला सांगितली आहे. सीट चार बोटं वर घ्यावी लागेल, चेनला तेल पाहिजे, आणि मागच्या ब्रेकचे रबर पार झिजले आहेत, ते सेलूहून आणायचे.