फियाटचं जड स्टिअरिंग

लग्नतिथीला आळंदीत मंगल कार्यालयांच्या दारापर्यंत गाड्या दाटतात. त्या दाटीत जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, लावायची तर चालकाचे खांदे भरून येतात. चालत्या गाडीत पद्मिनीचं स्टिअरिंग तसं हलकंच. ते जड लागतं गाडी जागेवर उभी असताना, कारण तेव्हा टायर रस्त्यावर जागच्या जागी घासत वळवावा लागतो. मूळच्या ५.२०-१४ टायरांऐवजी रुंद रेडियल चढवले असतील, तर आणखी जोर लागतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बांधली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. पॉवर स्टिअरिंगसाठी त्यातूनच तेलाचा पंपही फिरवायचा, हे त्या काळी कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ सालीच पॉवर स्टिअरिंगची गाडी चालवून दाखवली होती, पण गिऱ्हाइकाला ते विकत मिळालं १९५१च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये.

आपल्या पट्ट्यात ही सोय आधी अवजड वाहनांना मिळाली. आळंदीहून मरकळ-तुळापूरच्या पलीकडे वढू बुद्रुक लागतं. तिथे १९८१ साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीचा कारखाना आहे. ट्रक-बसच्या चालकांचे दंड ज्या यंत्राने वाचवले, ते इथल्या कामगारांच्या हातून घडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. घरच्या छोट्या मोटारीची पाळी उशिरा आली. सुझुकीने १९८८ साली जपानात सेर्व्हो या गाडीला विजेच्या मोटरवर चालणारं पॉवर स्टिअरिंग बसवलं. आपल्याकडे २०००च्या सुमारास ते वॅगन आरमधून परिचयाचं झालं.

जुन्या गाडीवाल्यांचा मार्ग मोकळा झाला तो इथे. पंप नको, पट्टा नको, तेलाच्या नळ्या नकोत. छोट्या गाडीचा मोटर बसवलेला कॉलम डॅशबोर्डखाली बसवायचा आणि त्याचा दांडा सांध्याने जुन्या स्टिअरिंग बॉक्सला जोडायचा. ऐकायला सोपं, करायला अवघड. पद्मिनीत गिअरचा दांडाही त्याच कॉलमवर असला, तर सगळी मांडणी नव्याने करावी लागते. जागेवर वळवताना ही मोटर भरपूर करंट ओढते. जुन्या डायनामोला ते झेपत नाही, म्हणून आधी ऑल्टरनेटर हवा. शिवाय नव्या गाडीत वेग वाढला की संगणक मोटरची मदत कमी करतो, आणि जुन्या गाडीत त्याला वेग सांगणारं कुणी नसतं. ही मदत बेताची ठेवली नाही, तर नाशिक रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग धोकादायकरीत्या हलकं होतं. जोडकामही नीट हवं. तिथला कच्चा वेल्ड जिवावर बेतेल.

म्हणून माझा आग्रह असा की आधी टायरमधली हवा, ग्रीस, टाय-रॉड एन्ड आणि बॉक्समधला खेळ तपासावा. पुष्कळदा जडपणा तिथेच निघतो. तरीही सत्तरी ओलांडलेल्या मालकाला चाक ओढवत नसेल, तर मोटर बसवावी. 'मूळपण गेलं' म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं, पण मालकाचे खांदे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीचं मला जास्त वाईट वाटतं.

याच प्रीमियरने २००९ साली चिंचवडमधून रिओ ही गाडी आणली, तेव्हा तिला पॉवर स्टिअरिंग होतं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली. घरोघरीच्या पद्मिनी मात्र आहेत, आणि १९७४ सालच्या गाड्यांनी पन्नाशी गाठली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळे काम हाती घेण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, शक्यतो मूळ दांडा न कापता दुसरा करून घ्यावा आणि काढलेला कॉलम तेल लावून, गुंडाळून गाडीच्या कागदपत्रांइतकाच जपून ठेवावा.