अखंड रेषा आणि खंडित रेषा

माणसाने घडविलेल्या चिन्हांत रेषेइतके साधे चिन्ह दुसरे क्वचितच सापडेल. परंतु हीच रेषा सलग ओढली तर तिचा अर्थ एक होतो आणि मध्ये मध्ये तोडली तर दुसरा. यंत्राचे आरेखन, भूमापनाचा नकाशा, गणिताचा आलेख आणि मोटाररस्ता या चारही क्षेत्रांत हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. अखंड रेषा निश्चित गोष्ट सांगते. खंडित रेषा जे झाकलेले, अपेक्षित किंवा सशर्त असते ते सांगते. इंदूरच्या वाचकाला या चारही क्षेत्रांची उदाहरणे घराजवळच सापडतील.

आरेखनाची परंपरा या चारांत विशेष शिस्तीची आहे. वस्तूची समोरून आणि वरून दिसणारी दृश्ये एकमेकांशी जोडून तिचा पूर्ण आकार कागदावर आणण्याचे शास्त्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच गणिती गास्पार माँज यांनी सिद्ध केले. आज इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेत (स्थापना १९५२) किंवा अन्य कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी प्रथम रेषांचे प्रकार शिकतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८८ सालच्या ‘एसपी ४६’ या पुस्तिकेत ते नेमके दिलेले आहेत. डोळ्यांना दिसणारी कड जाड अखंड रेषेने आणि मापे बारीक अखंड रेषेने दाखवावीत. धातूच्या आड दडलेली कड खंडित रेषेने काढावी. वर्तुळाचा मध्य किंवा वस्तूचा अक्ष लांब रेघ आणि आखूड रेघ आलटून पालटून येणाऱ्या साखळी रेषेने दर्शवावा. हलणाऱ्या भागाची पर्यायी जागा दाखवायची असेल, तर दोन लांब रेघांमध्ये दोन आखूड रेघा येतात. शब्द न वापरता इतके सांगणारी दुसरी लिपी मला ठाऊक नाही.

नकाशातही हाच विवेक दिसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत इंदूर ‘४६ एन’ या क्रमांकाच्या चौकटीत येते. या नकाशांवर पक्का रस्ता दोन समांतर अखंड रेषांनी आणि कच्चा रस्ता दोन खंडित रेषांनी दाखवितात. भूशास्त्रीय नकाशात दोन खडकांची सीमा प्रत्यक्ष पाहिलेली असेल तर ती अखंड काढतात, अंदाजाने ठरविली असेल तर खंडित, आणि मातीखाली दडली असेल तर ठिपक्यांची. उज्जैनच्या उत्तरेकडून जाणारे कर्कवृत्तही बहुतेक नकाशांत तुटक असते, कारण जमिनीवर तशी कोणतीही रेघ नाही.

आलेखाचा इतिहास आरेखनापासून वेगळा काढता येत नाही. आयात-निर्यातीचे आकडे काळाच्या अक्षावर रेषेने मांडणारे विल्यम प्लेफेअर यांचे पुस्तक १७८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. हे प्लेफेअर तरुणपणी वाफेच्या इंजिनाचे शिल्पकार जेम्स वॉट यांच्या हाताखाली आरेखक होते. शालेय गणितात खंडित रेषेचा उपयोग असमानतेच्या आलेखात येतो. ‘२क्ष + ३य हे १२ पेक्षा कमी’ अशी अट असेल, तर सीमारेषा खंडित काढतात, कारण त्या रेषेवरील बिंदू उत्तरात मोडत नाहीत. ‘१२ किंवा त्याहून कमी’ अशी अट असेल, तर तीच रेषा अखंड होते. वक्र जिच्या सतत जवळ जातो पण जिला कधी गाठत नाही, ती अनंतस्पर्शी रेषाही खंडितच काढण्याचा प्रघात आहे.

भारतीय हवामान विभागाचा मोसमी पावसाच्या आगमनाचा नकाशा या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. आगमनाच्या सर्वसाधारण तारखा त्यात तुटक रेषांनी आणि पावसाची प्रत्यक्ष वाटचाल सलग रेषांनी दाखविलेली असते. सर्वसाधारण तारखा २०२० साली सुधारण्यात आल्या. सोयाबीनची पेरणी पहिल्या दमदार पावसावर अवलंबून असलेल्या माळव्यात या दोन रेषांमधील अंतर म्हणजे त्या वर्षाची शेतीची चिंता होय. भविष्याचे अंदाज दाखविणाऱ्या प्रत्येक आलेखात मोजलेला भाग सलग आणि अनुमानाचा भाग तुटक असावा, असा संकेत आहे. काही वृत्तपत्रे दोन्ही भाग एकाच सलग रेषेत छापतात. हा दोष किरकोळ नाही. अनुमानाला अनुभवाचे वजन देणे ही वाचकाची दिशाभूल आहे.

आता रस्त्याकडे वळू. रस्त्याच्या मध्यभागी रेषा आखण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या वेन परगण्याचे रस्ते-अधिकारी एडवर्ड हाइन्स यांना देतात आणि त्याचे वर्ष १९११ सांगतात. भारतात या आखणीची संहिता ‘आयआरसी ३५’ या नावाने इंडियन रोड्स काँग्रेसने तयार केली. या संस्थेच्या जन्मामागे एक मराठी नाव आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये ती स्थापन झाली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जयकर आपल्याला परिचित आहेत. देशाच्या रस्त्यांवरील त्यांचे ऋण मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मध्यरेषा कोठे अखंड आणि कोठे खंडित असावी, हे रंगाऱ्याच्या मर्जीवर नसते. त्यामागे दृष्टिअंतराचे गणित असते. समोर अडथळा दिसताच वाहन थांबविण्यास लागणारे अंतर ताशी ८० किलोमीटर वेगाला १२० मीटर धरलेले आहे. दुपदरी रस्त्यावर पुढचे वाहन ओलांडून सुखरूप आपल्या बाजूला परतण्यासाठी मात्र त्याच वेगाला ४७० मीटर रस्ता स्वच्छ दिसावा लागतो. ताशी १०० किलोमीटरला हे अंतर ६४० मीटर होते आणि घाटातल्या ४० च्या वेगालाही १६५ मीटर उरते. समोरासमोर ताशी ८० ने येणारी दोन वाहने ४७० मीटरचे अंतर ११ सेकंदांच्या आत संपवितात, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. हिशेबासाठी चालकाचा डोळा आणि समोरचे वाहन दोन्ही रस्त्यापासून १.२ मीटर उंच मानतात. वळणामुळे किंवा चढाच्या माथ्यामुळे पुरेसा रस्ता दिसत नाही, तेथे मध्यरेषा अखंड होते. म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या धोक्याचा हिशेब अभियंत्याने आधीच करून ठेवलेला असतो.

जुळ्या रेषांचे कारणही यातच आहे. चढाच्या माथ्यावर दोन्ही दिशांच्या चालकांची दृष्टी एकाच ठिकाणी अडत नाही. वर चढणाऱ्याला पुढचे काही दिसत नसते, तेव्हा माथा ओलांडून उतरणाऱ्यापुढे रस्ता मोकळा असतो. म्हणून तेथे एक अखंड आणि एक खंडित अशा दोन रेषा शेजारी आखतात. आपल्या बाजूची रेषा खंडित असेल, तर समोर पाहून ती ओलांडता येते. अखंड असेल, तर मनाई असते. दोन्ही अखंड असल्या, तर कोणीही ओलांडायचे नाही. साध्या खंडित रेषेतही सूचना असते. सरळ रस्त्यावर तुकड्यांमधील रिकामी जागा तुकड्यांपेक्षा मोठी असते आणि वळण किंवा चौक जवळ आला की ती कमी केली जाते. तुकडे दाट होऊ लागले की वेग कमी करावा, हे चालकाला कोणी न सांगता कळावे, अशी ही योजना आहे.

आडव्या रेषांना वेगळा नियम आहे. सिग्नलजवळची अखंड आडवी रेषा थांबण्याची असते. खंडित आडव्या रेषांची जोडी मुख्य रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे, असे सांगते. मार्ग मोकळा असेल, तर तेथे थांबणे बंधनकारक नसते.

इंदूरहून सिमरोल, खंडवा, बऱ्हाणपूर करीत मुक्ताईनगरकडे उतरणारा रस्ता येथील मराठी कुटुंबांच्या नित्याच्या वाटेवरचा. सिमरोलजवळच्या भेरू घाटाची जुनी दुपदरी वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वरील गणित निराळे समजावून सांगावे लागणार नाही. शहरातील आग्रा-मुंबई रस्त्याची गोष्ट वेगळी. तेथे २०१३ साली सुमारे साडेअकरा किलोमीटरची जलद बससेवेची मार्गिका सुरू झाली आणि ती इतर वाहतुकीपासून लोखंडी कठड्यांनी वेगळी केली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती हटविण्यास मान्यता दिली. रंगाची रेषा पाळली जाईल, असा भरवसा जेथे नसतो, तेथे लोखंड उभारावे लागते. कठडा गेल्यावर सारी भिस्त पुन्हा रेषेवर येते.

कायद्याने या रेषांना बळ दिलेले आहे. १९८९ च्या मार्गनियमांत पिवळ्या मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन ओव्हरटेक करण्यास स्पष्ट मनाई होती. त्या नियमांची जागा २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी घेतली. त्यांच्या भंगासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १७७-अ आले आणि ५०० ते १,००० रुपये दंड ठरला. रेषा रात्री दिसावी म्हणून वितळलेल्या थर्मोप्लास्टिकच्या थरावर काचेचे सूक्ष्म मणी पसरतात. दिव्याचा प्रकाश ते चालकाच्याच दिशेने परत पाठवितात. मणी झिजले की दिवसा ठळक दिसणारी रेषाही रात्री हरवते.

म्हणून महापालिका आणि बांधकाम खाते यांना एक विनंती आहे. नव्या डांबराचा थर पडल्यावर रेषा आखल्याशिवाय रस्ता वाहतुकीला खुला करू नये, आणि घाटांतील मध्यरेषा दर पावसाळ्यानंतर तपासली जावी. वाचकांनी आपल्या घरातील नव्या चालकाला क्लच आणि ब्रेक शिकविण्याबरोबरच या दोन रेषांचा भेदही समजावून द्यावा, आणि शिकविणाऱ्याने स्वतः तो पाळावा.