चारबागच्या गावचा अंतराळवीर

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला गेलेला मराठी प्रवासी उतरतो तो चारबागला. स्थानकाचे घुमट आणि मिनार लांबून पाहिले की पटावर मांडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखे दिसतात. तेथून कानपूर रस्त्याला लागले की पुढे सिटी माँटेसरी स्कूलची शाखा येते. २५ जून २०२५ रोजी दुपारी बारा वाजता तिच्या सभागृहात शंभू दयाल आणि आशा शुक्ला पडद्याकडे डोळे लावून बसले होते. धाकटा मुलगा, ग्रुप कॅप्टन शुभांशु, त्या वेळी फ्लोरिडात 'फाल्कन ९' अग्निबाणाच्या टोकाशी बसलेला!

तारखा मे अखेरपासून सारख्या पुढे जात होत्या. कधी हवामान, कधी आणखी काही. ११ जूनच्या उड्डाणाआधीच्या चाचणीत द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. तात्पुरत्या उपायावर न भागवता पूर्ण दुरुस्ती व्हावी, असा आग्रह आपल्या पथकाने धरला, असे 'इस्रो'चे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. अशा गळतीसह उड्डाण झाले असते तर? आईबापांनी हा विचार न केलेलाच बरा.

अखेर यान झेपावले आणि आईला अश्रू आवरेनात. राकेश शर्मांच्या १९८४ च्या सफरीनंतर ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळात निघाला होता.

या मुलाची वाट आपल्या पुण्यावरूनच गेली. वर्गमित्राने आणलेला एनडीएचा अर्ज, मित्राचे वय उलटल्याने शुभांशुंनी भरला आणि ते खडकवासल्याला दाखल झाले. २००६ मध्ये ते हवाई दलात वैमानिक झाले.

दुसऱ्या दिवशी यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडले गेले. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, दिवसाला सोळा सूर्योदय दाखवणारे हे घर. नेता पेगी व्हिटसन, सोबत पोलंड आणि हंगेरीचे दोघे. शिदोरीत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि चक्क आमरस! शुभांशुंनी तेथे मेथी आणि मुगाला मोड आणले. आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही. पण वजनच नसलेल्या जागी बी कसे रुजते, हे पाहायचे होते. स्नायू झिजतात का, याचाही अभ्यास झाला.

१५ जुलैला यान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरले. पृथ्वीची सवय मात्र लगेच परतली नाही. पलंगावर बसून काम संपल्यावर शुभांशुंनी लॅपटॉप मिटला आणि तरंगेल अशा समजुतीने बाजूला हवेत सोडून दिला. खाली गालिचा होता म्हणून वाचला.