गाडी कंपनीची की हौसेची?

लग्नसराई आली की आमच्या वरकुट्याच्या रस्त्यावर नवरदेवाची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. पुढे बुलेटवाल्यांची फटफट, मागे जीप. जीपला समोर स्टीलचा भला मोठा गार्ड, चाकं अंगाबाहेर आलेली, काचा काळ्या, आणि दिवे असे की समोरून येणाऱ्याने डोळ्यांवर हातच धरावा. पोरं याला 'मॉडिफाय' म्हणतात. कंपनीतून आली तशीच गाडी ठेवली, तर त्यांच्या लेखी ती म्हाताऱ्यांची गाडी!

हा विषय पुरुषांचा, आपल्याला काय त्यातलं कळतंय, असं म्हणून आपण चहा ठेवायला आत जातो. मला हे पटत नाही. एक तर हौसेचा पैसा घरातूनच जातो. मी बचत गटांचं काम करते. 'गाडीचं काम निघालंय' म्हणून कर्ज मागितलं जातं, तेव्हा त्यात इंजिनाचं दुखणं किती आणि डेकचे बॉक्स किती, असं विचारलं की बायका तोंडाला पदर लावून हसतात. हप्ते मात्र दुधाच्या पैशातून त्याच फेडतात. आणि दुसरं म्हणजे, त्या गाडीत मागच्या सीटवर लेकराला घेऊन बसतं कोण? आपणच ना!

हौसेला माझा विरोध नाही, बरं का. बेंदराला आपण बैलांची शिंगं रंगवतो, झूल घालतो, गोंडे बांधतो. पण बैल तोच राहतो, त्याचे पाय कुणी बदलत नाही. गाडीतली पायपुसणी, चांगला टेप, मागे लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद' ही झाली झूल. चाकं, दिवे, बंपर, सायलेन्सर हे मात्र गाडीचे हातपाय आहेत.

कंपनी गाडी बाजारात आणते, ती आधी सरकारमान्य संस्थेकडून तपासून घेऊन. अशीच एक संस्था, एआरएआय, १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. तिच्या नावाची टेकडीही पुणेकरांना ठाऊक आहे. ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळं तपासलं जातं. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' नावाची तारे देणारी पद्धतही सुरू झाली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या बाहुल्यांना किती मार लागला ते मोजतात. म्हणजे ते तारे कंपनीतून आली तशा गाडीचे असतात, गल्लीतल्या गॅरेजमधून निघालेल्या गाडीचे नव्हेत.

त्या स्टीलच्या गार्डचंच घ्या. घरातल्यांना वाटतं, लोखंड आहे म्हणजे गाडी मजबूत. प्रत्यक्षात गाडीचं नाक धडकेत चेपावं, अशीच त्याची रचना असते. ते चेपतं म्हणून दणका आतल्या माणसांपर्यंत कमी पोचतो. गार्ड लावला की तो दणका न चेपता थेट सांगाड्यात जातो. एअरबॅग कधी फुगायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचा हिशेबही चुकू शकतो. शिवाय रस्त्यावरून पायी चालणारी बाई त्या लोखंडाला धडकली तर तिचं काय? याच कारणांनी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं. तरी ते विकले जातात आणि लावलेही जातात.

सीटकव्हर तर आपल्याच आवडीची वस्तू. पण ज्या गाड्यांच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असते, तिथे घट्ट शिवलेलं कव्हर तिला अडवू शकतं. एअरबॅगसाठी जागा सोडलेलंच कव्हर मागायला हवं. आणि पट्टा न लावता नुसता अलार्म बंद करणारी ती छोटी क्लिप! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघर झाली. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या क्लिपा विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्री थांबवायला लावली. चार पैशांची वस्तू, पण तिच्याइतका चिडीला आणणारा बदल मला दुसरा दिसत नाही.

दिव्यांचं दुखणं पुणे-सोलापूर हायवेवर रात्री प्रवास करणारीला सांगायला नको. मूळ दिव्याच्या खोबणीत भलताच तेज बल्ब बसवला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. त्यासाठी वायरी कापतात. मग कंपनीची वॉरंटी अडचणीत येते आणि शॉर्टसर्किटची भीती कायमची मागे लागते.

कायदा काय म्हणतो? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरसी बुकातल्या नोंदी कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाहीत, असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. काळ्या फिल्मवर तर न्यायालयाने २०१२ मध्येच बडगा उगारला होता. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के, बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर विमा कंपनी दाव्यात खोड काढू शकते. घरातला कर्ता माणूस दवाखान्यात असताना ही भांडणं बाईच्याच वाट्याला येतात.

मग काहीच बदलू नये का? तसंही नाही. सीएनजीचं किट मान्यताप्राप्त असेल, आरटीओत नोंद केली असेल, विम्याला कळवलं असेल आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी होत असेल, तर खुशाल बसवा. आणि अपंगांसाठी केलेला बदल तर कायद्यानेच मान्य केला आहे. पोलिओ झालेली माझ्या ओळखीची एक अंगणवाडी सेविका मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवते. आधी तिला कुणाच्या तरी पाठीमागे बसून जावं लागे. आता तीच सासूला मागे बसवून बाजारला नेते. तिच्या आरसीवर बदलाची रीतसर नोंद आहे आणि त्या बुकाचा तिला कोण अभिमान!

आणखी एक गोष्ट आमच्या ऊसपट्ट्यातली. ट्रॅक्टरवर गाण्याचे एवढे बॉक्स, की शेजारच्या रानातलं माणूस दचकावं. पण मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टरची पट्टी नाही. अंधारात बंद पडलेली उसाची ट्रॉली दिसली नाही म्हणून मोटारसायकलवाली पोरं किती गेली! हंगाम सुरू झाला की मी बायकांना सांगते, नवऱ्याला आधी पट्टी लावायला लावा, गाणं नंतर. आमच्या एका गटाने तर गेल्या हंगामात ठरावच केला: गाडीच्या कामासाठी कर्ज हवं असेल तर गॅरेजवाल्याचं अंदाजपत्रक जोडायचं. पहिल्या महिन्यात दोन अर्ज आपोआप मागे गेले. तिसऱ्या अर्जात नवे ब्रेक लायनर आणि ट्रॉलीच्या चारी बाजूंना रिफ्लेक्टर, एवढंच लिहिलं होतं. तो त्याच बैठकीत मंजूर झाला.